साडेपाच मिनिटांचा सिनेमा

फाटकाच्या आतला कॅमेरा

फौजी प्रशिक्षणावरचा सिनेमा बहुतेक वेळा छावणीच्या फाटकात सुरू होतो. ट्रकमधून पोरं उतरतात, न्हावी डोक्यावरून मशीन फिरवतो, उस्ताद पहिली आरोळी ठोकतो. मग चिखल, दोरखंड, रात्रीची शिक्षा, एखादं गाणं. आणि गाणं संपता संपता कालचा ढिला पोरगा ताठ सलाम ठोकताना दिसतो. हा साचा जगभर चालतो आणि नीट जमला तर अजूनही बघवतो.

अकोला, मूर्तिजापूर, अकोट, दर्यापूरकडच्या भरतीच्या तयारीतल्या पोराला मात्र हा सिनेमा मध्यापासून लावल्यासारखा वाटतो. त्याच्या ताणाचा मोठा भाग फाटकाच्या बाहेरच असतो. सोळाशे मीटर, साडेपाच मिनिटं. ते निघालं तर पुढचं सगळं. त्याच्या फार मागे राहिलं तर उस्तादाची शिवी खायचंही नशीब नाही. म्हणून आधी फाटकाच्या आतले चित्रपट पाहू आणि मग बाहेर येऊ.

'प्रहार'चं बेळगाव

मराठी माणसाच्या मनात फौजी प्रशिक्षणाचा चित्रपट म्हटला की 'प्रहार' येतो. 1991 साली आलेला हा हिंदी चित्रपट नाना पाटेकर यांनी दिग्दर्शित केला आणि मेजर चव्हाणची भूमिकाही त्यांनीच केली. त्यासाठी ते बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीबरोबर राहिले, प्रशिक्षण घेतलं. प्रादेशिक सेनेत त्यांना मानद कॅप्टनचा हुद्दा मिळाला, आणि 1999 च्या कारगिल युद्धाच्या काळात ते सैन्याबरोबर काम करायला गेले. पुढे लष्करप्रमुख झालेले व्ही. के. सिंग या चित्रपटात थोडा वेळ दिसतात. त्या काळात बेळगावच्या कमांडो शाळेत शिकवलेला अधिकारी पडद्यावर असणं म्हणजे काय, ते चित्रपटाचा पूर्वार्ध पाहताना कळतं. यातली पळणारी पोरं खरंच दमलेली दिसतात. घाम फवारलेला वाटत नाही.

कथा साधी आहे. मुंबईतल्या एका बेकरीवाल्याचा मुलगा पीटर फौजेत जातो. बाप झालेत हबीब तन्वीर, पीटर गौतम जोगळेकर. मेजर चव्हाण पोरांना पिळून काढतो. शिकवण्यात माया नावालाही दाखवत नाही. एका सुटकेच्या मोहिमेत पीटर पाय गमावतो आणि घरी परततो. तिथे खंडणी मागणारे गुंड त्याला मारतात, आणि अख्खी वस्ती बघत राहते.

लोकांना आठवतं ते प्रशिक्षण आणि शेवटचा मेजरचा संताप. माझ्या मते चित्रपटाचा खरा जीव या दोन्हींच्या मधल्या वीस-पंचवीस मिनिटांत आहे: वर्दी उतरवलेला तरुण मुलगा पुन्हा आपल्या गल्लीत कसा उभा राहतो. हिंदी सिनेमाने हा प्रश्न नंतर फारसा हाताळला नाही. उत्तरार्धात मेजर कायदा हातात घेतो आणि चित्रपट त्याच्या बाजूने झुकतो, हे मला पूर्वीही खटकलं, आताही खटकतं. शिस्त म्हणजे नागरिकांवरचा राग, असं समीकरण घेऊन पोरं बाहेर पडत असतील तर ते काही चांगलं शिक्षण नव्हे. तरीही प्रशिक्षणाच्या चित्रीकरणात या चित्रपटाच्या जवळ जाईल असं आपल्याकडे थोडकंच आहे.

एक तांत्रिक गोष्ट सांगायलाच हवी. 'प्रहार'मध्ये पोरांच्या डोक्यावर मेजर आहे, कारण ती कमांडोंची निवडक तुकडी आहे. साध्या रंगरुटाच्या दिवसात मेजर क्वचित येतो. पहाटेपासून रात्रीपर्यंत त्याचा देव आणि दैत्य एकच असतो, तो म्हणजे हवालदार किंवा नाईक हुद्द्याचा उस्ताद. पोरांना सुट्टीवर आल्यावर आठवतो तोही तोच. आपल्या सिनेमाने या माणसाला मुख्य भूमिका कधी दिली नाही.

साहेब होणारी मुलं

दुसरा गट अधिकारी होणाऱ्या मुलांच्या चित्रपटांचा. गोविंद निहलानींचा 'विजेता' (1982) त्यात सगळ्यात शांत. आईबापाच्या भांडणात गोंधळलेला अंगद खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत जातो आणि लढाऊ वैमानिक होतो. लेखन दिलीप चित्रे यांचं, म्हणजे मराठी कवीचं. प्रशिक्षणाच्या चित्रपटात इतका कमी आरडाओरडा का आहे, त्याचं एक कारण तेच असावं. 1989 मध्ये दूरदर्शनवर 'फौजी' मालिका आली आणि शाहरुख खान घराघरांत पोचला. 2004 च्या 'लक्ष्य'मध्ये ऋतिक रोशनचा करण डेहराडूनच्या अकादमीतून शिक्षा सहन न होऊन पळून येतो आणि लाज वाटून परत जातो. पळून येणं दाखवलं, एवढ्यासाठी तरी फरहान अख्तरला गुण द्यावेत.

या सगळ्या मुलांची अडचण एकच: आयुष्यात करायचं काय ते त्यांना ठरवता येत नसतं. बारावीनंतरची प्रबोधिनीची परीक्षा, इंग्रजीतली मुलाखत, हे रस्ते ज्याच्या घरात माहीत आहेत त्याची ही गोष्ट आहे. अकोल्याच्या वसंत देसाई क्रीडांगणावर पहाटे धावणाऱ्या पोराला काय करायचं ते पक्कं ठाऊक असतं. शिपाई म्हणून भरती व्हायचं. प्रश्न फक्त घेतील का, हा.

इस्लामपूरचा पोरगा

कबीर खानचा 'चंदू चॅम्पियन' (2024) या दोन जगांच्या मधला. सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर लहान वयात फौजेत गेले, सिकंदराबादला फौजेच्या ईएमई या तांत्रिक शाखेच्या केंद्रात बॉक्सिंग शिकले, 1965 च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झाले, आणि 1972 मध्ये जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले. भारतीयाचं ते पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण. इतकी वर्षं ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात का नव्हती, याचं उत्तर कोणी देत नाही.

चित्रपट गोड आहे, जरा जास्तच गोड. पण यातला मुलगा साहेब व्हायला निघालेला नाही. शिपाई म्हणून जातो, खेळाच्या जोरावर वर येतो, आणि फौज त्याला अन्न, गादी आणि तालीम देते. त्याच्या स्वप्नाची सुरुवात खाशाबा जाधवांच्या 1952 च्या कांस्यपदकातून होते. गाव, कुस्ती, फौज ही साखळी पश्चिम महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. इरफान खानचा 'पानसिंग तोमर' (2012) याच जातीचा आणि बराच जास्त धारदार. तिथे पळणारा जवान आधी पोटभर जेवणासाठी खेळात शिरतो.

छोट्या पडद्यावर झी मराठीच्या 'लागिरं झालं जी'ने (2017 ते 2019) जे केलं ते मोठ्या पडद्याला जमलं नव्हतं. सातारा जिल्ह्यातला अज्या भरती होण्याआधी कसा धावतो, घरचे काय म्हणतात, फौजी नवरा नको म्हणणारी शीतली कशी हट्टाला पेटते, हे तेजपाल वाघ यांच्या लेखणीतून रोज संध्याकाळी आलं. मालिका प्रेमकथेकडे वळली, ते मालिकेचं प्राक्तन. पण फाटकाबाहेरची तयारी मराठी प्रेक्षकाने पडद्यावर भरपूर वेळ पाहिली ती तिथेच.

परदेशातले तीन

अमेरिकेत 1982 च्या 'ॲन ऑफिसर अँड अ जंटलमन'मधल्या कडक प्रशिक्षकाच्या भूमिकेला ऑस्कर मिळालं. ते लुई गॉसेट ज्युनियर यांचं. पाच वर्षांनी स्टॅन्ली कुब्रिकने 'फुल मेटल जॅकेट'चा जवळजवळ अर्धा भाग पॅरिस आयलंडच्या मरीन प्रशिक्षण केंद्रात ठेवला. त्यातला शिव्यांचा धबधबा असलेला सार्जंट आर. ली अर्मी यांनी केला. ते खरोखरच पूर्वी मरीनमध्ये प्रशिक्षक होते आणि चित्रपटावर सल्लागार म्हणून आले होते. तिथे प्रशिक्षण मुलाला घडवत नाही, मोडतं. आपल्याकडे हा शेवट कोणी दाखवणार नाही.

तिसरा चित्रपट आपल्याशी उलट्या बाजूने जुळतो. सिंगापूरमध्ये 1967 पासून मुलांना सक्तीची लष्करी सेवा आहे, आता दोन वर्षांची. जॅक निओच्या 'आह बॉइज टू मेन' (2012) या तिथे तुफान चाललेल्या चित्रपटात लाडावलेला मुलगा टेकाँग बेटावरच्या प्रशिक्षणातून सुटायचे नाना उपाय करतो. प्रेक्षक हसतात, कारण प्रत्येक घरात असा एक असतो. वऱ्हाडात हा विनोद कोणाला कळणार नाही. इथे आत घेत नाहीत म्हणून पोरं रडतात.

अकोल्याचं ग्राउंड

वऱ्हाडातला मे महिना म्हणजे पारा 45 च्या पुढे. त्यामुळे सराव पहाटे चार-साडेचारला सुरू होतो आणि सूर्य वर यायच्या आत आटपतो. पावसाळ्यात वेगळीच पंचाईत. काळी माती बुटाला अशी धरते की प्रत्येक पाऊल किलोभर जड होतं. मग पोट्टे डांबरी रस्त्यावर येतात, आणि डांबरावर रोज धावून नडगीचं हाड दुखायला लागतं. चांगला बूट महाग, म्हणून दुखणं अंगावर काढलं जातं. भरतीआधीच्या महिन्यात नडगी धरून बसलेली दोन-तीन पोरं प्रत्येक गटात सापडतात.

याच डांबराचा एक योगायोग सांगण्यासारखा आहे. जून 2022 च्या पहिल्या आठवड्यात अमरावती ते अकोला महामार्गावर लोणी ते माना या टप्प्यात 75 किलोमीटर लांबीचा डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत सलग टाकून गिनीज विक्रम झाला. पुढच्याच आठवड्यात, 14 जूनला, दिल्लीत चार वर्षांच्या फौजी नोकरीची अग्निपथ योजना जाहीर झाली. नव्या गुळगुळीत रस्त्यावर धावणाऱ्यांचे नियम त्या दिवशी बदलले.

सरावाच्या जागा ठरलेल्या असतात: तालुक्याच्या शाळेचं मैदान, धरणाच्या भिंतीवरचा रस्ता, नव्या वळणमार्गाचा अजून सुरू न झालेला तुकडा. अलीकडे जागोजाग भरतीपूर्व अकॅडमी उभ्या राहिल्या. बहुतेकदा माजी सैनिकांच्या, राहण्याजेवणासह, महिन्याच्या फीवर. काही प्रामाणिक, काही नुसते फ्लेक्स. पोराचा बाप सोयाबीन विकून फी भरतो, म्हणून अकॅडमी निवडताना मागच्या भरतीत किती निघाले हा आकडा विचारावा, आणि सांगितलेल्या आकड्यावर लगेच विश्वास ठेवू नये.

शरीर कमावण्याची परंपरा वऱ्हाडाला नवी नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून चालू आहे, आणि तिथल्या पथकाने 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जर्मनीत भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिकं केली होती. मलखांब, लेझीम, कुस्ती यांची ही तालीम होती. आजचं ग्राउंड वेगळं. त्यात शोभेला जागा नाही, स्टॉपवॉच आहे.

आकड्यांचा हिशेब

विदर्भातल्या बहुतेक जिल्ह्यांची भरती नागपूरच्या सैन्य भरती कार्यालयातून चालते. 2023 पासून क्रम उलटला: आधी संगणकावर सामाईक प्रवेश परीक्षा, ती निघाली तर मैदानी रॅली. त्याआधी पळणारा आधी पळायचा आणि पुस्तक मग उघडायचा. नव्या क्रमात गणित आणि सामान्य विज्ञान कच्चं असलेला उत्तम धावपटू मैदानापर्यंत पोचतच नाही. खेड्यातल्या पोरांचा सगळ्यात मोठा राग याच्यावर आहे, आणि मला तो रास्त वाटतो.

जनरल ड्युटीसाठी दहावीत एकूण 45 टक्के आणि प्रत्येक विषयात 33. महाराष्ट्रातल्या उमेदवाराला उंची 168 सेंटीमीटर, छाती 77 आणि फुगवून पाच सेंटीमीटर जास्त. मैदानावर सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत आलं तर पहिला गट, 60 गुण. त्यानंतरच्या 15 सेकंदांत आला तर दुसरा गट, 48. दहा बीम, म्हणजे पुल-अप, मारल्या तर 40 गुण. प्रत्येक कमी बीमला गुण घटत जातात. शिवाय नऊ फुटांचा खड्डा उडी मारून पार करायचा आणि वेड्यावाकड्या पट्टीवरून तोल सांभाळत चालायचं. या दोन्हींना गुण नाहीत, पण जमलं पाहिजे.

400 मीटरच्या धावपट्टीवर हे चार फेरे होतात. म्हणजे प्रत्येक फेरा साडेब्याऐंशी सेकंदांत. एकट्याने धावताना हे जमणारी पोरं पुष्कळ. रॅलीत मात्र ती घोळक्याने सोडली जातात, अनेकदा मध्यरात्रीनंतर दिव्यांच्या उजेडात, आणि पहिल्या वळणावर कोपर, धक्का, सुटलेली नाडी यांत पाच-सात सेकंद जातात. तेवढ्यात वर्षाचा निकाल लागतो.

बरीच पोरं पोलीस भरतीची तयारीही सोबत करतात. तिथेही सोळाशेच मीटर, पण पूर्ण 20 गुणांसाठी 5 मिनिटं 10 सेकंदांत. निमलष्करी दलांच्या परीक्षेत 5 किलोमीटर 24 मिनिटांत. तीन भरत्या, तीन वेगळ्या लयी, आणि पाय तेच दोन.

धावून झाल्यावर कागद आणि वैद्यकीय तपासणी. रहिवासी दाखला, जातीचा दाखला, सरपंचाचं वर्तणूक प्रमाणपत्र; यातला एक कागद जुना निघाला तर ग्राउंड फुकट. वैद्यकीय तपासणीत गुडघे एकमेकांना लागतात, तळपाय सपाट आहे, कानात मळ आहे, अशी कारणं निघतात. कानाचा मळ आधी साध्या डॉक्टरकडे जाऊन काढता येतो. गुडघ्यांचं तसं नाही. ते आधीच तपासून घेतले तर दोन वर्षांचा घाम वाचतो.

पडद्यावर किती खरं असतं

निवड झालेला वऱ्हाडी पोरगा बेळगावच्या मराठा केंद्रात, कामठीच्या गार्ड्स केंद्रात, मध्य प्रदेशातल्या सागरला महार रेजिमेंटच्या केंद्रात, किंवा नाशिकच्या तोफखान्याकडे जातो. अग्निवीराचं, म्हणजे अग्निपथमधून घेतलेल्या जवानाचं, प्रशिक्षण सुमारे 31 आठवड्यांचं, त्यातले पहिले दहा मूलभूत. शेवटी कसम परेड. आईबाप नवी साडी, पांढरा सदरा घालून येतात.

रगडा खरा असतो. फ्रंट रोल, कोपरांवर सरपटणं, एकाच्या चुकीला सगळ्या तुकडीला शिक्षा, हे सिनेमाने बरोबर टिपलंय. जे टिपत नाही ते कंटाळवाणं आहे म्हणून: पलंगाची चादर घडीच्या मापाने लावणं, पितळ घासणं, तासनतास कदमताल, वर्गात बसल्या बसल्या लागणारी झोप. पहिले काही आठवडे पोराला सगळ्यात जड जातं ते धावणं नव्हे, कारण धावायला तो शिकूनच आलेला असतो. जड जातात हिंदीतले हुकूम, हातून गेलेला मोबाइल, आणि ज्वारीची भाकर सोडून लंगरचं जेवण.

आणखी एक उणीव भाषेची. पडद्यावरचा फौजी हिंदी सिनेमात पंजाबी किंवा डोंगरी वळणाचा असतो, मराठीत साताऱ्याकडचा. वऱ्हाडी बोली पडद्यावर आली ती विनोदासाठी. अमरावतीच्या भारत गणेशपुरेंनी ती घराघरांत पोचवली आणि लोकांनी तिच्यावर प्रेमही केलं. पण 'काहून बे' म्हणणारा जवान सीमेवर उभा आहे, असं दृश्य काढायची हिंमत कोणी केलेली नाही. नागराज मंजुळेंनी 'झुंड'मध्ये (2022) नागपूरच्या पोरांना त्यांच्याच तोंडच्या बोलीत उभं केलं, तसं कोणीतरी इथेही करायला हवं.

अजून न निघालेला चित्रपट

फाटकाबाहेरच्या गोष्टीच्या सगळ्यात जवळ गेलेला अलीकडचा चित्रपट नीरज घायवानचा 'होमबाउंड' (2025). त्यात फौज नाही. उत्तर भारतातल्या दोन मित्रांना पोलीस शिपाई व्हायचंय. वर्दी मिळाली की जात आणि धर्म विचारणारे गप्प बसतील, ही त्यांची आशा. परीक्षा, निकालाची वाट, मध्येच कोसळलेला कोरोना. अकोल्यातल्या कुठल्याही अभ्यासिकेत हा चित्रपट लावला तर कोणाला समजावून सांगावा लागणार नाही.

कोरोनाची ती दोन वर्षं इथेही तशीच गेली. 2020-21 आणि 2021-22 मध्ये सैन्याची भरती जवळजवळ ठप्प होती. 2020 मध्ये एकोणीस-वीस वर्षांचा असलेला पोरगा धावत राहिला आणि वय पुढे सरकत राहिलं. अग्निपथ जाहीर झाल्यावर वयाची अट साडेसतरा ते 21 होती; आंदोलनं पेटली तेव्हा त्या एका वर्षापुरती ती 23 केली गेली. काहींना तेवढ्याने दार उघडलं. बाकीचे आज मेडिकल स्टोअरवर, कंपनीच्या सुरक्षारक्षकाच्या गणवेशात, किंवा नव्या पोरांना पहाटे पळवत.

निवडलेल्यांची गोष्टही चार वर्षांची. पहिल्या वर्षी 30 हजार पगार, त्यातले 21 हजार हातात, बाकी सेवानिधीत. शेवटी सुमारे 11 लाख 71 हजार रुपये मिळतात. चारांतला एक कायम होतो. पहिल्या तुकडीने जानेवारी 2023 मध्ये प्रशिक्षण सुरू केलं, म्हणजे 2027 च्या सुरुवातीच्या आसपास चारांतले तीन आपापल्या तालुक्याला परततात, वय बावीस ते सत्तावीस. त्यांच्यासाठी केंद्राने निमलष्करी दलांत राखीव जागा जाहीर केल्या. 2023 मध्ये सीमा सुरक्षा दलाच्या शिपाई भरतीचे नियम बदलले तेव्हा माजी अग्निवीरांना 10 टक्के जागा, वयात सवलत, आणि धावण्याच्या चाचणीतून सूट दिली गेली.